लहान मुलांची सर्दी

४ नोव्हेंबर

अगं,

पाकिटावर तुझं नाव लिहिताना हात अडखळला. सव्वीस वर्षांत मी तुला नावानं हाक मारली नाही आणि तू मला मारली नाहीस. ‘अगं’ आणि ‘अहो’वर आपला संसार झाला. पण पोस्टमनला ‘अगं’ कुठे सापडणार, म्हणून पूर्ण नाव घातलंय. दुसऱ्याच कुणाला तरी लिहितोय असं वाटलं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू विचारतेस, ‘बरे आहात ना?’ मी म्हणतो, ‘बरा आहे.’ तेवढ्यात तुझ्या मागे पाळणाघरातलं कुणीतरी भोकाड पसरतं आणि तू फोन ठेवतेस. पत्राच्या मागे कुणी रडत नाही.

मी बरा आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर असल्यानं धूळ कमी आहे. समोर सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे, तो दिवसभर एकच गाणं शिट्टीवर वाजवतो, आणि तेही अर्धंच. घरमालकीणबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. शाळेत शिवण शिकवायच्या. कानानं अधू आहेत, त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलतात, आणि जिन्यात भेटल्या की दोघांच्या वाटचं त्याच बोलतात, मला दम खर्चावा लागत नाही.

कामही सुरू आहे. कारखान्यात पाऊल टाकायला बंदी आहे, पण मालक नक्षीचे कागद पाठवतो. ते टेबलावर बसून पातीनं कापायचे आणि परत द्यायचे. पुढे ते काचेवर चिकटवून वाळूचा मारा करायचं काम दुसरा कुणीतरी करतो. त्याला निरोप पाठवलाय, की बाबा रे, तोंडाला फडकं बांधून भागत नाही. मी तीस वर्षं फडकंच बांधलं. वाळू फडक्याला विचारून आत जात नाही.

सकाळी फिरायला जातो, डॉक्टरांनी सांगितलंय तसं. मास्क लावून.

हो, एक राहिलं. फाटकाची कडी बघून घे. ढिली झाली असेल. लोखंडी कडी आहे, थंडीत आखडते, नीट बसत नाही. आजच बघ.

तुझा,
अहो

९ नोव्हेंबर

अगं,

पत्र पोचलं असेल. कडी बघितलीस का, ते कळव. एका ओळीचं कार्ड टाकलंस तरी चालेल.

काल लेकीचा फोन आला होता. ‘बाबा, आवाज बसलाय का?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘घरमालकीणबाईंशी बोलून बसलाय.’ ती हसली. पोरगी इतक्या लांब राहून आपल्या दोघांना दर रविवारी वेगवेगळा फोन करते आणि दोघांकडून एकच ऐकते, की सगळं छान आहे. ऑपरेशननंतर दोन महिने रजा काढून माझ्याजवळ राहिली, तेव्हाही हेच ऐकत होती.

घसा जरा खवखवतोय. काळजीचं काही नाही. हवा बदलली, की सगळ्यांचाच खवखवतो. रोज सकाळी फुफ्फुसांची ताकद मोजायच्या त्या यंत्रात फुंकतो आणि आकडा वहीत लिहितो. एरवी २.४१ येतो. आज २.३२ आला. यंत्राच्या बॅटऱ्या उतरल्या असतील.

वही उलटी चाळत होतो. पहिल्या पानावर तुझं अक्षर आहे. मी तेव्हा अतिदक्षता विभागातून नुकता बाहेर आलो होतो, हात थरथरत होता, म्हणून आकडा तू लिहिलास. आणि त्याच्यापुढे कंसात, ‘छान फुंकलं’. पाळणाघरातल्या पोरांना नाक शिंकरल्यावर म्हणतेस तसं. तेव्हा मला राग आला होता.

ऑपरेशनला चौदा महिने झाले. कुणाची फुफ्फुसं आहेत ते त्यांनी सांगितलं नाही, सांगतही नाहीत. कधीकधी जिना चढताना वाटतं, या माणसाला जिन्यांची सवय होती.

तुझा,
अहो

१२ नोव्हेंबर

अगं,

हे पत्र टाकणार नाही. लिहून ठेवतो.

आकडा परवा २.२० आला, काल २.१२, आज १.९८. बॅटऱ्या नव्या घातल्या होत्या. ताप परवापासून आहे, आज १०१. दहा टक्क्यांनी आकडा घसरला किंवा ताप आला, की त्याच तासाला फोन करायचा, हे मला झोपेतही पाठ आहे. मी तीन दिवस केला नाही.

का केला नाही, ते मला माहीत आहे. फोन केला, की सिस्टर पहिलं विचारणार: कुणाच्या संपर्कात आलात?

दुपारी घरमालकीणबाई बिलाचा कागद द्यायला वर आल्या. दारातूनच माझ्याकडे बघितलं आणि ओरडल्या, ‘ओठ निळे पडलेत तुमचे. काय सांगताय बरं आहे म्हणून?’ मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना ऐकू येत नाही, पण दिसतं. त्यांनी माझ्याच फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला आणि पलीकडचं काही ऐकू येत नसताना ओरडून पत्ता सांगितला. तीनदा.

गाडी येतेय. पिशवी भरली आहे. गोळ्या, वही, चष्मा. त्या विचारताहेत, घरी कुणाला कळवू? मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी माझे ओठ वाचले आणि जायला वळल्या. मग परत मागे आल्या आणि माझा मफलर पिशवीत कोंबला.

१६ नोव्हेंबर

अगं,

अक्षर वाकडं येतंय. बोटात चिमटा लावलाय आणि नाकात नळी आहे. तरी लिहितो, कारण बोललो की धाप लागते. लिहिताना फक्त हात दमतो.

एकट्याची खोली आहे. आत येणारा प्रत्येकजण डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो, जाताना सगळं काढून डब्यात टाकतो. चार दिवसांत मी एकाही माणसाची हनुवटी बघितलेली नाही. भुवयांवरून माणसं ओळखायला शिकलो.

नाकात काडी घालून तपासणी केली, छातीची चित्रं काढली, नळी घालून फुफ्फुसं आतून धुतली. डॉक्टरीणबाई सांगायला आल्या. तरुण आहेत, भुवया जाड. खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर उभ्यानं बोलतात, ते ठीक असतं.

‘विषाणूचा न्यूमोनिया आहे,’ त्या म्हणाल्या. ‘हा विषाणू तसा साधा. लहान मुलांची सर्दी होते ना, नाक गळतं, खोकला येतो, आठवड्यात जाते, तोच.’

‘मग माझीही जाईल,’ मी म्हटलं.

‘तुमच्या गोळ्या शरीराला नव्या फुफ्फुसांशी भांडू देत नाहीत. म्हणून फुफ्फुसं टिकलीत. पण त्याच गोळ्या विषाणूशीही भांडू देत नाहीत. तीन दिवस आधी आला असतात तर बरं झालं असतं.’

‘बरा झालो तर पूर्वीसारखा होईन?’

‘आत्ता सांगता येणार नाही. या आजारानंतर शरीर नव्या फुफ्फुसांवर उलटण्याची भीती असते. आधी हा आठवडा जाऊ दे.’

त्या गेल्यावर प्रत्यारोपण विभागातल्या सिस्टर आल्या. आपल्या ओळखीच्या, उंच, चष्म्याच्या. त्यांनी विचारलं, ‘खालच्या मुलांपैकी कुणी वर आलं होतं का? माडीवरच राहता ना तुम्ही? जिना वेगळा केला होता ना?’

मी म्हटलं, ‘हो. माडीवरच राहतो. एकही पोर वर येत नाही. बायको जिन्याखाली पहाऱ्याला बसते. स्वतःसुद्धा कपडे बदलून, हात धुऊन, मास्क लावून वर येते.’

‘नशीबवान आहात,’ त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहून घेतलं.

तू हे वाचताना थांबली असशील. कुठली माडी? कुठला जिना? सांगतो. पण आज नाही. आज दम संपला.

२१ नोव्हेंबर

अगं,

काल डॉक्टरीणबाईंनी पुन्हा खुर्ची ओढली. ऑक्सिजन वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला आलाय. रात्रीतून उतार पडला नाही, तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. एकदा ठेवलं, की उतरवता येईल याची खात्री नाही. कागदावर सही हवी होती. केली. मग त्यांनी विचारलं, कुणाला बोलवायचंय का. मी सहीचं पेन परत दिलं.

आज सकाळी आकडे एका पायरीनं सुधारले. एकाच पायरीनं, पण खाली नाही गेले. मशीन टळलं, निदान आजचा दिवस. म्हणून आज लिहितो. उद्याचं कुणी सांगावं.

दोन गोष्टी आहेत. पहिली जुनी आहे.

ऑपरेशननंतर सहा महिने मी हॉस्पिटलजवळच्या खोलीत काढले. लेक गेल्यावर तू दर रविवारी यायचीस, बाकी दिवस पाळणाघर. घरी परतायची वेळ आली, तेव्हा मी तुला सांगितलं, डॉक्टर म्हणतात पाळणाघर बंद करा, नाहीतर यांना दुसरीकडे ठेवा. तू सात दिवस घेतलेस. मग म्हणालीस, ‘अहो, सात पोरं आहेत. सात जणी माझ्या भरवशावर कामाला जातात. तुमची तीन वर्षं ऑक्सिजनवर गेली, ती याच पोरांच्या पैशांवर निघाली. मी बंद नाही करू शकत. तुम्ही जवळच खोली घ्या, मी दोन्ही घरं सांभाळते.’

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते.

त्या उंच सिस्टरनी मला बसवून समजावलं होतं: माडीवरची खोली आहे ना, मग झालं. बाहेरून जिना करून घ्या. खाली उतरू नका, मुलांना वर येऊ देऊ नका. घरच्यांनी हात धुऊन, मास्क लावून वर यावं, आणि सर्दी असेल तर येऊच नये. एवढं पाळलंत तर घरीच राहा, एकटे राहू नका. एकटे राहू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी ते तुला सांगितलं नाही. मला बघायचं होतं, तू काय निवडतेस. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, दुसऱ्याची फुफ्फुसं छातीत घालून, मी तुझी परीक्षा घेतली आणि प्रश्नपत्रिकाच खोटी काढली. तू मला जवळ खोली घ्यायला सांगितलंस, आणि मी ऐकलं की बायकोनं घराबाहेर काढलं. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. तरी तू दर रविवारी येत राहिलीस, दोन बस बदलून, मास्क लावून दाराजवळ बसायचीस. त्या एका रविवारी तुझ्या बाहीवर कुणाच्या तरी नाकाचा डाग होता आणि मी बोललो, ‘तुझी पोरं मला मारतील एक दिवस.’ तू उठलीस, चप्पल घातलीस आणि पुन्हा आली नाहीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझं तर शरीर अर्धं बदललं, पीळ तोच.

दुसरी गोष्ट, पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीची.

मी सकाळी फिरायला जातो म्हटलं ना, ते खरं. कुठे जातो ते लिहिलं नाही. बसनं आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतो आणि पलीकडच्या बाजूनं फाटकासमोरून जातो. जाताना एकदा, येताना एकदा. पडदा बाजूला असला तर तू दिसतेस. कुणाला तरी भरवत असतेस, कुणाला तरी दटावत असतेस. तुझा चष्मा बदललाय. मी आठवड्यातून तीनदा यायचो.

त्या दिवशी फाटक उघडं होतं, आणि ती सगळ्यात धाकटी, तू ‘सरकार’ म्हणतेस ती, रस्त्याच्या मधोमध उभी होती. मांजरामागे आली होती. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. वळणावरून सामानाचा टेम्पो येत होता. मी धावलो. मी धावलो, अगं. चार वर्षांत धावलो नव्हतो. तिला उचललं आणि कडेला आलो. टेम्पो गेला. चालकानं आम्हाला पाहिलंही नसेल.

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझा मास्क धरून खाली ओढला, आत कोण आहे बघायला. आणि तोंडावरच खोकली. नाकाला तर दोन्ही धारा लागल्या होत्या. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि रडायला लागली. मला तेव्हाच कळलं होतं. मास्क वर घ्यायला हवा होता, तिला खाली ठेवायला हवं होतं. पण आठ महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. हॉस्पिटलवाले सोडले तर. तिचं डोकं जड होतं आणि गरम. मी तिला तशीच धरून उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

मग तिला फाटकाच्या आत सोडलं, कडी लावली. ती नीट बसेना, म्हणून रुमालानं बांधली. खिडकीतून तू पाठमोरी दिसत होतीस, दोघांना भरवत होतीस. तुला काहीच कळलं नाही. मी बस पकडली.

घरी आल्यावर हात धुतले, चूळ भरली, कपडे बदलले. वरातीमागून घोडं.

हे तुला सांगायचं नव्हतं. एक पोर तुझ्या नजरेतून निसटलं, हे कळलं असतं तर तू खचली असतीस. वीस वर्षांत एकदाही तसं झालेलं नाही. आणि पोरांच्या आयांना कळलं तर पाळणाघर गेलं. म्हणून फक्त कडीचं लिहिलं. डॉक्टरांनाही म्हणूनच सांगितलं नाही आणि फोनही म्हणूनच केला नाही. पण इथे पडून रोज तीच कडी डोळ्यांसमोर येते. ढिलीच असेल तर? मी नसेन तेव्हा कोण धावेल?

त्या पोरीला दोष देऊ नकोस. तिची सर्दी आठवड्यात गेली असेल. आणि स्वतःलाही देऊ नकोस. आजारी पडल्यावर तीन दिवस फोन न करणारा मी होतो. माडीवर राहिलो असतो, तर त्या रस्त्यावर मी नसतो आणि ती पोर... ते मला पुढे लिहिता येत नाही. कसं जोडायचं ते कळत नाही.

सिस्टरना मघाशी सगळं खरं सांगितलं. त्या चिडल्या. मग म्हणाल्या, ‘पत्ता द्या, मी पोस्टात टाकते.’ तिन्ही पत्रं एका पाकिटात घालतोय. यायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझा,
अहो

६ डिसेंबर

अगं,

परवा घरी सोडलं. म्हणजे या खोलीवर. आकडा १.८५ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथेच स्थिरावला तरी चांगलं. २.४१ आता विसरा. घसरत गेला, तर पुढचं पुढे बघू. त्यांची हनुवटी शेवटच्या दिवशी पहिल्यांदा दिसली. खळी आहे.

जिना चढायला पंचवीस मिनिटं लागली. घरमालकीणबाईंनी मधल्या मजल्यावर खुर्ची ठेवली होती आणि शेजारी उभं राहून ओरडत होत्या, ‘घाई कुणाला आहे?’

हॉस्पिटलात तू आली नाहीस. मी रोज दाराच्या काचेकडे बघायचो. पत्र पोचून आठवडा झाला, दहा दिवस झाले. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. करावं तसं भरावं. फोन उचलून पुन्हा ठेवला. विचारणार काय होतो?

आणि आज दुपारी तू आलीस.

जे घडलं ते तुला ठाऊकच आहे. तरी लिहून काढतो, कारण मला ते पुन्हा एकदा बघायचंय.

फोन वाजला. तू म्हणालीस, ‘अहो, खिडकीत या.’ मी उठलो, भिंतीला धरून गेलो. तू सायकलवाल्याच्या दुकानापाशी उभी होतीस. राखाडी कोट, नाकातोंडाला मास्क, हातात फोन. सायकलवाल्यानं शिट्टी थांबवली होती आणि पंप हातात धरून तुझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, ‘वर ये की.’

तू वर बघत राहिलीस. मी बारीक झालोय, ते बघत असशील. मग म्हणालीस, ‘कडी पत्र आलं त्याच दिवशी बदलली. वर दुसरी लावलीय, मोठ्या माणसाच्या उंचीवर.’

‘बरं झालं.’

‘आयांना सांगितलं. सगळ्यांना बसवून, जसं झालं तसं. दोघींनी पोरं काढून घेतली.’

मला वाटलं, सरकारही गेली. विचारायचा धीर होईना. तूच म्हणालीस, ‘सरकार आहे. तिची आई रडली आणि म्हणाली, ते कोण गृहस्थ होते? मी म्हटलं, माझे.’

मी खिडकीची चौकट घट्ट धरली. तुला दिसलं असेल.

‘आणि डॉक्टरांच्या नावानं खोटं बोललात,’ तू म्हणालीस. आवाज बदलला होता. ‘आठ महिने. मी दर रात्री स्वतःला विचारायचे, मी कसली बाई आहे, की पोरांसाठी नवऱ्याला बाहेर ठेवलं. आठ महिने, अहो. एकदा विचारायचं होतं. मी स्वतः माडी झाडून दिली असती.’

तू बाहीनं डोळे पुसलेस, मग कोटातून रुमाल काढून, मास्क खाली करून नाक शिंकरलंस. खूप वेळ. रस्त्याच्या पलीकडून, तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं.

मला वाटलं, रडतेयस. म्हणून पुन्हा म्हटलं, ‘वर ये. खाली उभं राहून किती रागावशील?’

तेव्हा तू म्हणालीस, ‘रागावलेय म्हणून खाली नाही उभी. मला सर्दी झालीय. पत्र मिळालं त्याच दिवशी सरकारनं दिली, ती अजून जात नाही. तुमच्या सिस्टरना रोज फोन करत होते, त्या म्हणाल्या, नाक वाहायचं थांबेपर्यंत त्यांच्या जवळ जाऊ नका. म्हणून हॉस्पिटलात आले नाही. म्हणून वर येत नाही.’ पुन्हा शिंकरलंस. ‘सर्दी जाऊ दे. मग वर येते आणि भांडते.’

मग तू बसस्टॉपकडे गेलीस. वळणावर थांबून मागे बघितलंस, आणि हातानं खूण केलीस, आत जा, वारा लागेल.

मी आत आलो आणि लगेच हे लिहायला बसलो.

सर्दी कशी आहे, ते रोज कळव.

तुझा,
अहो